पत्त्यांतील प्रश्नचिन्हापुढें



एखाद्या संकेतस्थळावरील शोधाच्या चौकटींत ‘छत्रपती संभाजीनगर’ असें लिहून कळ दाबली, आणि वर उमटलेला पत्ता उचलून दुसऱ्या कोणास पाठविला, म्हणजे त्या पत्त्याची पुष्कळदां विलक्षण दशा झालेली दिसते. शहराचें नांव कोठेंच वाचतां येत नाहीं. त्याच्या जागीं शेंकडा-चिन्हें, रोमन अक्षरें आणि आंकडे यांची लांबच लांब माळ लागलेली असते. पाहणारा समजतो कीं, कांहीं तरी बिघडलें. वस्तुतः बिघडलेलें कांहींच नसतें. तें नांव प्रवासाच्या पोशाखांत असतें, आणि मुक्कामीं पोंचल्यावर तो पोशाख उतरवून त्यास मूळ रूपांत आणणें हें एका लहानशा आज्ञावलीचें काम असतें. तें काम कसें चालतें, आणि त्यांत एका चिन्हाची गफलत केवढी महाग पडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जागतिक जाळ्यावरील पत्त्याची रीत टिम बर्नर्स-ली यांनीं घालून दिली. तिचे नियम डिसेंबर १९९४ मध्यें रीतसर प्रसिद्ध झाले, आणि जानेवारी २००५ मध्यें त्यांची सुधारलेली आवृत्ति निघाली. पत्त्याचा पहिला भाग कोणत्या संगणकाकडे जावयाचें तें सांगतो. दुसरा भाग तेथील कोणतें पान हवें तें सांगतो. आणि प्रश्नचिन्हानंतर जें येतें तें मागणें असतें. संगणकाच्या परिभाषेंत त्यास ‘क्वेरी स्ट्रिंग’ म्हणतात. आपण त्यास ‘पृच्छा’ म्हणूं. ‘शहर=पैठण&वर्ष=२०२४’ हें अशा पृच्छेचें साधें उदाहरण. प्रथम नांव, मग बरोबरीचें चिन्ह, मग किंमत; आणि दोन जोड्यांच्या मध्यें ‘&’ हें चिन्ह. मात्र जोड्यांचा हा संकेत पत्त्याच्या मूळ नियमांत नाहीं. संकेतस्थळांवरील अर्ज भरण्याच्या रीतींतून तो आलेला आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण पुढील तंट्याचें मूळ येथेंच आहे.

आतां पोशाखाकडे वळूं. पत्त्यांत चालणारीं अक्षरें मोजकीं, आणि तींहि रोमन. देवनागरीनें तेथून जावयाचें तर रूप पालटणें प्राप्त होतें. ‘यूटीएफ-८’ नांवाच्या पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, आणि पत्त्यांत प्रत्येक बाइट एक शेंकडा-चिन्ह व त्यापुढें दोन अक्षरें असा लिहितात. ‘छ’ हें एक अक्षर ‘%ई०%ए४%९बी’ असें नऊ चिन्हांचें होतें. अर्थात् ई, ए व बी हीं अक्षरें तेथें रोमन असतात. फेब्रुवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या संमतीनें शहराचें नांव बदललें. जुन्या ‘औरंगाबाद’ या नांवांत काना व अनुस्वार वेगळे धरून ८ चिन्हें होतीं. नव्या नांवांत, हलंत चिन्हहि धरून, १६ आहेत. म्हणून जुनें नांव पत्त्यांत ७२ अक्षरांची जागा घेई. नवें १४४ अक्षरांची घेतें, आणि दोन शब्दांमधील रिकाम्या जागेचें एक चिन्ह निराळें. ती रिकामी जागा अर्जाच्या रीतींत ‘+’ या अधिक-चिन्हानें दाखवितात.

मुक्कामीं पोंचल्यावर हें सर्व उलट करावयाचें असतें. पायथन या संगणकभाषेंत त्यासाठीं प्रत्येकानें नवी आज्ञावली लिहिण्याची गरज नाहीं. भाषेबरोबर जें प्रमाणभूत भांडार मिळतें, ज्यास ‘स्टँडर्ड लायब्ररी’ म्हणतात, त्यांत हें काम करणारें साधन तयार असतें. त्याच्या कामाचा क्रम मार्मिक आहे. तें आधीं ‘&’ पाशीं तुकडे पाडतें; मग प्रत्येक तुकड्यांत पहिल्या बरोबरीच्या चिन्हापाशीं नांव व किंमत वेगळीं करतें; मग अधिक-चिन्हाच्या जागीं रिकामी जागा ठेवतें; आणि सर्वांच्या शेवटीं शेंकडा-चिन्हांचा पोशाख उतरवितें. हा क्रम उलटा केला तर अनर्थ होतो. कोणी ‘वह्या & पुस्तकें’ असा शोध घेतला, तर त्यांतील ‘&’ पोशाखांत झांकलेलें असतें. पोशाख आधीं उतरविला, तर तें ‘&’ उघडें पडेल आणि एका मागण्याचे दोन तुकडे होतील.

एकच नांव दोनदां आलें, तर हें साधन दोन्ही किंमती यादींत जपून ठेवतें. ‘औषध=’ असें लिहून पुढें कांहींच नसेल, तर मात्र, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, ती जोडी तें मुकाट्यानें गाळतें. उत्तर कोरें आलें आणि प्रश्न विचारलाच नव्हता, या दोन गोष्टींतील भेद ज्यास हवा असेल, त्यानें ती सूचना द्यावीच लागते.

यांतील धोका एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका रक्तपेढीसाठीं कोणी नवशिक्या कारागिरानें पत्ता हातानें जुळविला आणि त्यांत ‘रक्तगट=ओ+’ असें लिहिलें. वाचणारें साधन नियमास धरून अधिक-चिन्हाची रिकामी जागा करील. उरेल तो नुसता ‘ओ’. धन कीं ऋण, तें कळावयास मार्ग नाहीं. खरें अधिक-चिन्ह ‘%२बी’ या रूपांतच पाठवावयास हवें होतें. अर्ज रीतसर भरला असतां संगणक तें आपण होऊन करतो. हातानें जोडलेल्या पत्त्यांत तें राहून जातें.

मजकूर कोठें तोडावा, हा प्रश्न या भूमीस नवा नाहीं. शहरापासून सुमारें १५ किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेथील यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित यास परंपरा मोडी लिपीचें श्रेय देते. मोडींत आधीं सलग रेघ ओढीत आणि तिच्याखालीं शब्दांमध्यें जागा न सोडतां अक्षरें लिहीत. शब्द कोठें तुटतो तें वाचणाऱ्यानें संदर्भावरून ठरवावयाचें. पैठणास शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्यें, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तोहि अशाच अडचणीमुळें: एकच ग्रंथ, पण प्रतीप्रतींत भिन्न पाठ. माणूस संदर्भावरून शहाणपण करूं शकतो. यंत्रास तें साधत नाहीं. त्यास नियम लागतो, आणि दोन यंत्रांस एकच नियम लागतो.

तो एकच नव्हता, म्हणून तंटा उपजला. संकेतस्थळांच्या पानांची जी भाषा आहे, तींत ‘&’ ला स्वतंत्र अर्थ असल्यामुळें, जोड्यांच्या मध्यें अर्धविरामहि चालूं द्यावा, अशी शिफारस १९९९ च्या नियमावलींत होती. पायथनचें साधन त्याप्रमाणें ‘&’ आणि ‘;’ या दोहोंपाशीं तुकडे पाडी. पण संकेतस्थळाच्या पुढें जीं सांठवणीचीं यंत्रें बसविलेलीं असतात, त्यांतील अनेक केवळ ‘&’ मानीत. एकदां दिलेलें उत्तर जपून ठेवून तेंच पुढील ग्राहकांस देणें, हें या यंत्रांचें काम. दुष्ट हेतूचा माणूस एका बिनमहत्त्वाच्या किंमतीच्या पोटांत अर्धविराम घालून दुसरें मागणें दडवी. सांठवणीच्या यंत्रास तें दिसेना. आंतल्या आज्ञावलीस मात्र दिसे. त्यामुळें आंतून भलतें उत्तर निघे, आणि सांठवणीचें यंत्र तें साध्या पत्त्याचें उत्तर समजून मागाहून येणाऱ्या निरपराध लोकांस वाटीत बसे. फेब्रुवारी २०२१ मध्यें पायथनच्या ३.९.२ व ३.८.८ या आवृत्त्यांत हें बदललें: मुद्दाम वेगळें सांगितल्यावांचून केवळ ‘&’ हाच विभाजक. अर्धविरामावर विसंबलेल्या जुन्या आज्ञावल्या त्यामुळें अडल्या, परंतु तो तोटा पत्करणें भाग होतें. त्याच वर्षीं ऑगस्टांत ‘गो’ या दुसऱ्या भाषेनेंहि उघडा अर्धविराम नाकारला.

घरगुती माणसानें यांतून दोन गोष्टी घ्याव्यात. पत्ता दुसऱ्यास पाठवितांना त्यांतील चमत्कारिक माळ सुंदर करण्याच्या भरीस पडूं नये. ती पुसून मध्यें मोकळी जागा सोडून शहराचें नांव लिहिलें, तर दुवा बहुधा त्या जागेपाशींच तुटतो, आणि पलीकडच्यास केवळ ‘छत्रपती’ एवढाच शोध पोंचतो. दुसरें असें कीं, प्रश्नचिन्हापुढें काय आहे तें एकवार न्याहाळावें. अर्जांत भरलेलें नांव, दूरध्वनीचा क्रमांक, कधीं आजाराचें नांवहि तेथें असूं शकतें. शेंकडा-चिन्हांच्या पोशाखामुळें तें गुप्त झालें असें कोणी मानूं नये. तो पोशाख उतरविणें किती सोपें आहे, हें आतां श्रोत्यांस ठाऊक झालेंच आहे.