विषाणूची रूपे आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

राई, मुर्धा, मोर्वा या भाईंदर पश्चिमेच्या गावांतील एखाद्या स्त्रीस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्यास तिला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नेता येते. ती वेळच येऊ नये, हे मात्र रुग्णालयापेक्षा गावाच्या हाती अधिक आहे.

या रोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत आहे, हे दाखविणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात असून त्यांपैकी सुमारे डझनभर कर्करोगकारक आहेत. १६ व १८ क्रमांकाचे प्रकार सर्वांत घातक होत. १६ क्रमांकाच्याही चार प्रमुख शाखा आहेत आणि त्यांचा धोका सारखा नाही.

इन्फ्लुएंझाचा विषाणू वरचेवर रूप पालटतो, म्हणून त्याची लसही बदलावी लागते. पॅपिलोमा विषाणूचे तसे नाही. आपल्या डीएनएची नक्कल तो मानवी पेशीच्याच यंत्रणेकडून करून घेतो, आणि ती यंत्रणा फार थोड्या चुका करते. पोथ्या उतरविणाऱ्या लेखनिकांनाही एवढी दक्षता साधली नसेल. त्यामुळे त्याच्यावरील लस लवकर निरुपयोगी होण्याचे भय नाही. अडचण निराळी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ज्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांवर आहे. इतर घातक प्रकार उरतातच. म्हणून लस घेतलेल्या स्त्रीनेही योग्य वयात तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते.

तपासणीने काय साधते, हे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात दिसून आले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेथे १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची तपासणी देऊ केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांत ६४. हा फरक केवळ एकदा केलेल्या तपासणीचा होता.

विषाणू आढळणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. वर्षानुवर्षे टिकून राहिला तरच धोका संभवतो. तो लैंगिक संबंधातून पसरत असला तरी इतका सर्वसाधारण आहे की, त्यावरून कोणाच्या शीलाविषयी तर्क करणे अज्ञानाचेच लक्षण होय. या कुजबुजीच्या भीतीने स्त्रिया तपासणीस येत नाहीत, आणि ही भीती दूर करण्यास शिक्षक व आरोग्यसेविका यांच्याइतके जवळचे गावात दुसरे कोणी नाही.