पडद्यावरची बंदूक आणि इतिहासातली बंदूक



या व्याख्यानमालेत साहित्य, समाजकारण, अध्यात्म असे भारदस्त विषय मांडण्याची प्रथा आहे. तेथे मी अमेरिकेतल्या जुन्या 'वेस्टर्न' दूरचित्रवाणी-मालिका आणि त्यांतल्या बंदुका घेऊन उभा आहे. हा पोरखेळ वाटेल. परंतु एखादा समाज आपल्या बालपणाची आठवण कोणत्या वस्तूच्या आधाराने जपतो, हे पाहणे पोरखेळ नव्हे.

प्रथम काळ ध्यानात घेऊ. १९५० साली अमेरिकेतल्या शंभर घरांपैकी सुमारे ९ घरांत दूरचित्रवाणीसंच होता. १९६० साली तो सुमारे ८७ घरांत पोहोचला. या दशकात वाढलेल्या मुलांच्या संध्याकाळी पश्चिमेकडच्या त्या धुळीच्या मुलखाने व्यापून टाकल्या. १९५८-५९च्या हंगामात सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या दहा कार्यक्रमांपैकी सात वेस्टर्न होते. पहिले चार तर सगळेच. 'गनस्मोक' ही मालिका १९५५ पासून १९७५ पर्यंत चालली आणि तिचे ६३५ भाग झाले. आपल्याकडे मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे ही आठवण बहुतांशी परक्याची आहे. म्हणूनच ती थोड्या अलिप्तपणे पाहणे आपल्याला जमेल.

या मालिकांत घोडा सर्वांना, टोपी सर्वांना. मग नायक ओळखावा कसा? त्याच्या बंदुकीवरून! 'द रायफलमन' (१९५८-६३) या मालिकेतला लूकस मॅकेन विंचेस्टर रायफल वापरी. या रायफलीखालची तरफ पुढे ढकलून मागे घेतली की नवे काडतूस नळीत बसते. मॅकेनच्या रायफलीची तरफ मोठ्या कड्यासारखी वळवलेली होती आणि तिच्यात एक स्क्रू असा बसवला होता की तरफ मिटताच चाप आपोआप दाबला जाई. त्यामुळे गोळ्या पाठोपाठ सुटत. 'वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह' (१९५८-६१) मध्ये स्टीव्ह मॅक्वीन याने बक्षिसासाठी फरारी गुन्हेगार पकडणारा जॉश रँडल रंगवला. त्याची बंदूक म्हणजे नळी आणि दस्ता कापून आखूड केलेली विंचेस्टर. तिचे नाव 'मेअर्स लेग', म्हणजे घोडीचा पाय. आणि वायट अर्पच्या मालिकेत (१९५५-६१) ह्यू ओब्रायनच्या कमरेला लांब नळीचे कोल्ट रिव्हॉल्व्हर असे, 'बंटलाइन स्पेशल'.

आता गंमत पाहा. मॅकेनची कथा १८८०च्या दशकातली, रँडलची त्याच्याही मागेपुढे. पण दोघांच्याही हातातली विंचेस्टर १८९२च्या नमुन्याची! रँडलच्या पट्ट्यात जी थोराड काडतुसे दिसत, ती त्या बंदुकीत शिरतच नव्हती; पडद्यावर भारी दिसतात म्हणून ती लावलेली. बंटलाइनची कथा तर स्टुअर्ट लेक याने १९३१ साली लिहिलेल्या अर्पच्या चरित्रातून आली. अर्पला तसे रिव्हॉल्व्हर भेट मिळाल्याचा समकालीन पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. तरीही कोल्ट कंपनीने १९५७ साली बारा इंची नळीचे 'बंटलाइन स्पेशल' खरोखरीच विक्रीला आणले. त्याच्या आदल्याच वर्षी, दूरचित्रवाणीने मागणी वाढवली म्हणून, १८७३च्या नमुन्याचे बंद पडलेले रिव्हॉल्व्हरही तिने पुन्हा बनवायला घेतले होते. इतिहासाची नक्कल पडद्याने करावी, हे आपण समजू शकतो. येथे पडद्याची नक्कल कारखान्याने केली.

मग खरा इतिहास काय सांगतो? 'गनस्मोक' ज्या डॉज सिटीत घडते, ते कॅन्ससमधले खरे गाव. १८७०च्या दशकाच्या अखेरचे तिथल्या रस्त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात भर चौकात फलक दिसतो: शस्त्र बाळगण्यास सक्त मनाई. त्याच फलकावर एका औषधी अर्काची जाहिरातही आहे! ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावीही १८८१ साली असाच नियम होता. २६ ऑक्टोबर १८८१ची ती सुप्रसिद्ध 'ओ. के. कोराल'ची चकमक उडाली, तिचे एक निमित्त हा नियम अमलात आणणे हेच होते. रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने कॅन्ससमधल्या गुरांच्या व्यापाराच्या पाच गावांचा हिशेब मांडला: १८७० ते १८८५ या काळात पाचांत मिळून ४५ खून. लोकवस्तीच्या मानाने हा आकडा लहान नव्हे, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत, आणि तेही ऐकले पाहिजे. परंतु दर आठवड्याला भर रस्त्यात समोरासमोर उभे राहून गोळी झाडण्याचा जो विधी पडद्यावर होई, तो त्या गावांचा नित्यक्रम नव्हता, एवढे निश्चित.

"असेना का खोटे! करमणूकच ती," असे कोणी म्हणेल. मीही म्हटले असते. पण २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात असा दंडक घातला की, शस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे. पश्चिमेकडच्या प्रदेशांतले जुने निर्बंध त्या न्यायालयापुढे होते. बहुमताने त्यांना फारसे वजन दिले नाही. निर्णय योग्य की अयोग्य, हे त्या देशाचे नागरिक ठरवोत. आपण एवढेच पाहावे की, 'आमची परंपरा कोणती' या प्रश्नाच्या उत्तरावर तेथे आज माणसांचे जीवित अवलंबून आहे. अशा वेळी चौकातला फलक विसरायचा आणि कमरेचे रिव्हॉल्व्हर तेवढे आठवायचे, हे निरुपद्रवी राहत नाही.

म्हणून का त्या आठवणींची थट्टा करावी? मुळीच नाही. 'द रायफलमन' नीट पाहिली तर ती आहे एका विधुर बापाची आणि त्याच्या मुलाची, मार्कची, कथा. गोळीबारानंतर बाप मुलाला जवळ घेऊन सांगे की माणसाने वागावे कसे. आज सत्तरी ओलांडलेली ती मुले हळहळतात ती बहुधा त्या बापासाठी. सारे घर एका संचापुढे बसे त्या संध्याकाळीसाठी. आणि अर्ध्या तासात अन्यायाचा निकाल लागतो या खात्रीसाठी. बंदूक ही त्या आठवणीची खूण आहे, तिचा गाभा नव्हे.

नाटकातली तलवार आपण कौतुकाने पाहावी, हाताळावी, जपूनही ठेवावी. मात्र कायदा लिहायला बसताना ती तलवार नाटकातली आहे, हे विसरू नये.