भिंतीतली गळती आणि थर्मल कॅमेरा



गेल्या हिवाळ्यात कांदिवलीच्या महावीर नगरमधल्या एका इमारतीत मला बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमच्या छताला ओल आली होती, रंगाचे पोपडे सुटले होते. चौथ्या मजल्यावरच्यांनी बाथरूमची फरशी दोनदा उखडून पुन्हा बसवली, तरी ओल हटेना. दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालेलं.

मी वरच्या घरात गेलो. गिझर तापवून गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं सोडला, मग बंद केला आणि थर्मल कॅमेरा भिंतीकडे धरला. टाइल्समागचा सीपीव्हीसीचा पाइप पडद्यावर उजळ रेघेसारखा उमटला. एका एल्बोपाशी, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या सांध्यापाशी, ती रेघ फुटून खाली ओघळत होती. खालच्या घरातल्या डागापासून ही जागा चांगली दीड मीटर दूर! पाणी स्लॅबवर वाट शोधत जातं, म्हणून छत जिथे ठिपकतं त्याच्या बरोबर वर पहार घालू नका.

हा कॅमेरा काय पाहतो, ते समजून घ्या. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. 1800 साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञांनी लोलकातून आलेल्या रंगांमध्ये तापमापक ठेवून पाहिले, तेव्हा लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथेही पारा चढला. आपला कॅमेरा तेच अदृश्य किरण टिपून त्यांचं चित्र करतो. पण तो भिंतीच्या आरपार पाहत नाही. त्याला दिसतं ते फक्त पृष्ठभागाचं तापमान. आतल्या गरम पाण्याची ऊब टाइलपर्यंत पोचली, तरच चित्र उमटतं.

म्हणूनच पावसाळ्यात फसगत होते. एरवी ओलसर जागेतलं पाणी उडून जाताना भिंत गार होते आणि पडद्यावर काळपट डाग दिसतो. जुलैत मुंबईची हवाच इतकी दमट असते, की पाणी फारसं उडत नाही आणि डागही फिका पडतो. शक्य असेल तर तपासणी डिसेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. चकचकीत टाइल तर आरशासारखी वागते. तपासणाऱ्याच्या अंगाची उष्णता तिच्यावर उमटते आणि गळती सापडल्याचा भास होतो. त्याला दोन पावलं बाजूला सरकायला सांगा. डाग सोबत सरकला तर ते प्रतिबिंब, जागच्या जागी राहिला तर पुढे तपासायचं.

गार पाण्याची लाइन मात्र भिंतीइतक्याच तापमानाची असते, तिथे कॅमेरा सहसा काही सांगू शकत नाही. तिथे प्रेशर टेस्टच हवी. सगळे नळ बंद करून प्लंबर हातपंपाने लाइनमध्ये दाब भरतो आणि काटा उतरतो का ते पाहतो. सांडपाण्याच्या पाइपासाठी नहाणी ट्रॅपमध्ये कोमट पाणी ओतून खालच्या घरातून कॅमेऱ्याने छत पाहावं. उकळतं पाणी कधीच ओतू नका, पीव्हीसी त्याने मऊ पडतो.

माझ्या अनुभवात पाइप मधोमध क्वचितच फुटतो, दगा देतो तो सांधा. सॉल्व्हंट कमी लावलेलं असतं किंवा पाइप फिटिंगमध्ये पुरता बसवलेला नसतो. शिवाय प्लास्टिक तापलं की वाढतं. तीन मीटरचा सीपीव्हीसी पाइप 40 अंशांनी तापला, तर सात-आठ मिलिमीटर लांब होतो. भिंतीत खोदलेल्या झिरीत सिमेंटने गच्च आवळलेल्या पाइपाला ही वाढ सामावायला जागाच नसते. रोज सकाळी तो ताण एल्बोवर येतो.

कॅमेऱ्याने जागा दाखवली, तरी प्रेशर टेस्टचा दुजोरा मिळेपर्यंत टाइल फोडू देऊ नका. फक्त फोटो हातात देऊन पैसे मागणाऱ्याला हे स्पष्ट सांगा. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च सभासदाचा आणि बाहेरच्या पाइपांचा संस्थेचा. त्यामुळे गळती नेमकी कुठली, हे लेखी घेतलेलं बरं.

आणि घरात नवं काम चाललं असेल, तर झिरी बुजवण्याआधी पाइपांशेजारी मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. त्याची एक प्रत सोसायटीच्या फाइलीत ठेवा.