युद्धकाळ आणि स्थानबद्धाचा अर्ज

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



युद्ध चालू असताना स्थानबद्धाने कोर्टाची पायरी चढून काय साधते, हा प्रश्न आपल्या चळवळीत वरचेवर विचारला जातो. विचारणारे भाबडे नसतात. त्यांतील कित्येकांनी तुरुंग आतून पाहिलेला असतो. म्हणूनच त्याचे उत्तर घोषणेने न देता दाखल्यांनी द्यावयास हवे.

1943 सालचा एप्रिल घ्या. गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये विनाचौकशी स्थानबद्ध होते. त्यांच्या उपोषणाच्या प्रश्नावर आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांनी फेब्रुवारीतच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून राजीनामा दिला होता. अशा वेळी मुंबईचे केशव तळपदे यांचे प्रकरण फेडरल कोर्टापुढे आले आणि सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने भारत संरक्षण नियमांतील 26 वा नियमच अवैध ठरविला. कायद्याने 'वाजवी संशय' असलेल्या माणसाला अडकविण्याची मुभा दिली होती. नियमाने मात्र सरकारची खात्री पटली की पुरे, असे म्हटले होते. सरकारने आठवडाही जाऊ दिला नाही. वटहुकूम काढून मूळ कायदाच बदलून टाकला. पण त्यामुळे सरकारला निदान उघडपणे कायदा वाकवावा लागला, हे विसरू नका.

वऱ्हाड तेव्हा नागपूर हायकोर्टाच्या कक्षेत होते. तेथे विमलाबाई देशपांडे यांनी लढविलेले प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1946 साली निर्णय झाला: पोलीस अधिकाऱ्याने 129 व्या नियमाखाली अटक केली, तर संशयाला वाजवी आधार होता हे त्यानेच सिद्ध केले पाहिजे. साम्राज्याच्या कोर्टाने साम्राज्याच्या फौजदाराला पुरावा मागितला!

आता स्वराज्यातील गोष्ट. चीनच्या आक्रमणानंतर 26 ऑक्टोबर 1962 रोजी आणीबाणी पुकारली गेली. लढाई महिन्याभरात थांबली; आणीबाणी उठली ती जानेवारी 1968 मध्ये. या काळात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झालेले कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांनी मुंबईच्या जिल्हा तुरुंगात एक पुस्तक लिहिले. विषय राजकारण नव्हे, अणुविज्ञान. नाव 'अणूच्या अंतरंगात'. हस्तलिखित प्रसिद्धीसाठी पत्नीकडे पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि सरकारने ती नाकारली. अणूच्या पोटातील इलेक्ट्रॉनमुळे राज्याच्या संरक्षणास कोणता धोका होता, हे सरकारने कधी सांगितले नाही. त्याचे म्हणणे एवढेच की स्थानबद्धाला नियमांनी दिलेल्या सवलतींपलीकडे हक्कच नसतात, आणि राष्ट्रपतींच्या हुकुमाने मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाटही बंद आहे.

मुंबई हायकोर्टाने हे मानले नाही. सुप्रीम कोर्टातही सरकार हरले. न्या. सुब्बा राव यांच्या निकालाचा आशय असा की नियमांनी जे निर्बंध घातलेले नाहीत, ते तुरुंगाधिकाऱ्याला वा सरकारला स्वतःच्या मर्जीने घालता येत नाहीत. निकालाची तारीख 6 सप्टेंबर 1965. त्याच दिवशी आपले सैन्य लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडत होते. युद्धकाळात कोर्टाने गप्प बसावे असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. संझगिरी या निकालाने सुटले नाहीत. त्यांनी सुटका मागितलीच नव्हती. पण तुरुंगातील माणूस सरकारची मालमत्ता होत नाही, हे त्यांनी वदवून घेतले.

'शत्रू' हा शिक्का मात्र फार चिवट आहे. आपल्या घटनेच्या 22 व्या कलमाचे तिसरे उपकलम पाहा. अटकेची कारणे कळण्याचा, वकील देण्याचा आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहण्याचा हक्क ज्यांना नाही, असे दोघे तेथे शेजारी बसविले आहेत: शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक कायद्याखाली धरलेला आपलाच नागरिक. 1962 मध्ये आसामातील चिनी वंशाच्या कुटुंबांना मुलाबाळांसह राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांत जन्माने भारतीय असलेलेही होते. अमेरिकेने 2002 पासून ग्वांटानामोत ठेवलेल्या कैद्यांना 'शत्रुयोद्धे' म्हटले आणि ती जागा क्यूबात असल्याने आमची कोर्टे तेथे पोहोचत नाहीत, असा पवित्रा घेतला. 12 जून 2008 रोजी बूमेदिएन खटल्यात तेथील सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो फेटाळला. ते कैदी तोवर सहा वर्षे आत होते.

आपल्याकडे उलटेही घडले आहे. 28 एप्रिल 1976 रोजी सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 मताने स्थानबद्धांना दारच बंद केले, एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. नागपूर खंडपीठासह अनेक हायकोर्टांनी आधी दिलेला कौल त्यामुळे पुसला गेला. तो निकाल रद्द व्हायला 2017 साल उजाडावे लागले. जनता राजवटीच्या 44 व्या दुरुस्तीने 21 वे कलम आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. पण त्याच दुरुस्तीतील, सल्लागार मंडळाच्या मताविना तीन महिने डांबण्याची मुदत दोन महिन्यांवर आणणारे कलम कोणत्याही सरकारने आजवर अंमलात आणलेले नाही, आपल्या मित्रपक्षांच्या सरकारांनीही नाही. त्यांना हा प्रश्न विचारण्याचे आपण का टाळतो?

तूर्त तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. कोणी प्रतिबंधक कायद्याखाली धरला गेला, की हुकुमाची प्रत आणि कारणे लेखी मागावीत, ती हाती आल्याची तारीख नोंदवावी आणि 22 (5) खालील निवेदन विनाविलंब पाठवून पोच घ्यावी. नागपूरला वकिलाकडे जाताना हे कागद सोबत असले पाहिजेत.