एका कादंबरीसाठीं शिकलेली भाषा

वर्ध्याहून सुमारें पांच मैलांवर असलेल्या सेवाग्रामच्या आश्रमांत जी बापूकुटी पाहावयास देशोदेशींचे लोक येतात, ती मुळांत मीराबेन यांनीं स्वतःसाठीं बांधविली होती. पुढें ती महात्माजींच्या उपयोगाला आली आणि त्यांच्याच नांवानें प्रसिद्ध झाली. इंग्लंडच्या आरमारांतील एका ॲडमिरलची मुलगी वर्धा जिल्ह्यांतील या खेड्यांत येऊन मातीचें घर बांधते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला आजहि नवल वाटतें. परंतु ती येथवर कोणत्या वाटेनें आली, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. ती वाट एका फ्रेंच कादंबरीच्या पानांतून आलेली आहे. आणि जे कोणी परभाषा शिकतात किंवा शिकवितात, त्यांना त्या वाटेपासून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

मीराबेन यांचें मूळचें नांव मॅडलिन स्लेड. जन्म १८९२ सालचा. तरुणपणीं त्यांच्या मनाला जर्मन संगीतकार बीथोव्हेन याच्या संगीतानें वेड लावलें होतें. त्याच्याविषयीं जें जें लिहिलेलें मिळेल तें वाचावें, या ध्यासांत त्यांना रोमाँ रोलाँ या फ्रेंच साहित्यिकाचा पत्ता लागला. रोलाँ यांनीं बीथोव्हेनवर चरित्रपर पुस्तक तर लिहिलें होतेंच, पण ‘ज्याँ-क्रिस्तॉफ’ नांवाची दहा खंडांची एक कादंबरीहि लिहिली होती. १९०४ ते १९१२ या आठ वर्षांत ती प्रसिद्ध झाली. तिचा नायक ऱ्हाइन नदीकांठच्या गांवांत जन्मलेला, दारुड्या वादकाचा मुलगा. त्याच्या बाळपणांत बीथोव्हेनच्या बाळपणाची छाया स्पष्ट दिसते. रोलाँ यांना १९१५ सालचें साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. हें सारें मूळ भाषेंतून वाचतां यावें म्हणून मॅडलिन स्लेड पॅरिसला जाऊन फ्रेंच शिकल्या. पुढें त्या स्वित्झर्लंडमध्यें व्हिलनव्ह येथें रोलाँ यांना भेटल्या. त्या भेटींत रोलाँ यांनीं आपल्या ‘महात्मा गांधी’ या पुस्तकाचा उल्लेख केला. तें पुस्तक १९२४ सालीं वाचल्यावर त्यांचा पुढचा मार्ग ठरला. भगवद्गीताहि त्यांनीं प्रथम फ्रेंच भाषांतरांतूनच वाचली. १९२५ च्या नोव्हेंबरांत त्या साबरमतीला पोंचल्या, आणि १९३६ सालीं गांधीजी शेगांवला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास आले त्यापूर्वींच त्या तेथें काम करीत होत्या.

आतां या हकीकतींतील एकच धागा उचलावयाचा आहे. परभाषेच्या शिक्षणाचा आपल्याकडील नेहमींचा क्रम असा कीं, आधीं वर्णमाला, मग व्याकरण, मग लहान लहान उतारे, आणि या साऱ्यांतून जो टिकून राहील त्याला शेवटीं बक्षीस म्हणून एखादी अभिजात कादंबरी. बहुतेक विद्यार्थी त्या बक्षिसापर्यंत पोंचतच नाहींत. क्रियापदांचीं रूपें पाठ करतां करतां भाषा कशासाठीं शिकावयाची हेंच ते विसरून जातात. मॅडलिन स्लेड यांच्या बाबतींत क्रम उलटा होता. कादंबरी हें शिक्षणाचें फळ नव्हतें, तें कारण होतें. पलीकडच्या तीरावर आपलें माणूस उभें आहे असें समजलें कीं मनुष्य उतार शोधून काढतो. नुसते नदीचे नकाशे दाखवून त्याला पाण्यांत उतरवितां येत नाहीं.

वर्ध्याच्या भूमीला हा विचार परका नाहीं. विनोबा १९२१ सालीं वर्ध्यास आले. लहानपणीं वडिलांच्या इच्छेवरून ते बडोद्यास फ्रेंच शिकले होते. पण पुढें याच भूमींत ते अरबी शिकले तें कोणाच्या इच्छेवरून नव्हे, तर कुराण मूळ शब्दांत वाचावें म्हणून. एका ग्रंथासाठीं एक भाषा, असा हा व्यवहार. वर्ध्यांत १९३६ सालीं राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली, आणि १९९७ सालीं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय येथें निघालें. त्या विश्वविद्यालयांत फ्रेंचसारख्या परदेशी भाषांनाहि जागा मिळाली. तेव्हां विदर्भांतल्या मुलांना फ्रेंच कादंबरी कशी शिकवावी, हा प्रश्न येथें केवळ कल्पनेंतला नाहीं.

यावर शिक्षकाची पहिली शंका रास्त असते. दहा खंडांची कादंबरी, आणि विद्यार्थी जेमतेम वर्षभर शिकलेला. हें जमावें कसें? उत्तर सोपें आहे. सबंध कादंबरी शिकवावयाची नाहींच. तिच्यांतील पांच-सहा पानांचा एकच प्रसंग घ्यावा, पण तो सारांशरूपानें नव्हे, लेखकाच्या शब्दांत घ्यावा. मागचीपुढची कथा शिक्षकानें मराठींत सांगून टाकावी. सोपें करून लिहिलेल्या आवृत्तींत कथा उरते, पण लेखकाचा आवाज जातो. आणि ज्यासाठीं भाषा शिकावयाची तो आवाजच गेला तर मग भाषांतर वाचलेलें काय वाईट?

‘ज्याँ-क्रिस्तॉफ’चा आरंभ या कामीं फार सोयीचा आहे. घरामागें नदीचा घोष उठतो आहे, दिवसभर पाऊस पडतो आहे, आणि आंत एक मूल नुकतेंच जन्मलें आहे. लेखकानें हें सारें वर्तमानकाळांत सांगितलें आहे आणि वाक्यें आंखूड ठेविलीं आहेत. तेथें पहिल्याच ओळींत नदीसाठीं ‘फ्लव्ह’ हा शब्द येतो, आणि तो पुल्लिंगी आहे. मराठी मुलगा थबकतो. नदी पुल्लिंगी कशी? अशा वेळीं शिक्षकानें नियम सांगण्याआधीं ‘नद’ या शब्दाची आठवण द्यावी. ब्रह्मपुत्र आणि शोण यांना आपल्याकडेहि नद म्हणतात. फ्रेंचांत जी समुद्राला जाऊन मिळते ती मोठी नदी ‘फ्लव्ह’. जी दुसऱ्या नदीला मिळते ती ‘रिव्हिएर’, आणि ती स्त्रीलिंगी. पवनारची धाम नदी मग या दोहोंपैकीं कोणती, हें वर्गांतील मुलें आपण होऊनच सांगतील, आणि एकदां सांगितलेलें विसरणार नाहींत.

दुसरें उदाहरण नात्याचें. या कादंबरींत गॉटफ्रीड नांवाचा एक गरीब फेरीवाला येतो. फ्रेंच भाषा त्याला ‘ओंक्ल’ म्हणून मोकळी होते. हा शब्द काकालाहि लागतो, मामालाहि लागतो. मराठी वाचकाला तेवढ्यानें भागत नाहीं. हा काका कीं मामा, हें कळल्यावांचून त्याचें पाऊल पुढें पडत नाहीं. मग तो मागचीं पानें चाळतो आणि त्याला दिसतें कीं, हा आईचा भाऊ आहे. आई ही मोलकरणीच्या कामांतून सून होऊन आलेली, म्हणून सासरचीं माणसें तिच्या या भावाची किंमत ठेवीत नाहींत. एका शब्दाच्या अडचणींतून घरांतला सारा उच्चनीच भाव त्याच्यापुढें उघडा होतो. परभाषेंत जें सांगितलेलें नसतें तेंहि शोधावें लागतें. आणि शोधलेलें पक्कें राहातें.

भूतकाळाची गोष्टहि अशीच आहे. फ्रेंच कथालेखक भूतकाळाचें असें एक रूप योजतात कीं तें बोलण्यांत जवळजवळ येतच नाहीं. विद्यार्थी त्याला भितात आणि शिक्षक त्याचे तक्ते करवून घेतात. वास्तविक पोथी ऐकलेल्या मराठी मुलाला ‘बोलता जाहला’ हें कळतें, पण तो घरांत तसें बोलत नाहीं. त्याचप्रमाणें हें रूप ओळखतां यावें, इतकेंच पुरे. तें तोंडीं बसविण्याची घाई नको.

मामा-भाच्याचा एक प्रसंग तर शिकविण्यासाठींच लिहिला आहे असें वाटावें. संध्याकाळीं नदीकांठीं अंधारांत गॉटफ्रीड एक जुनें, साधें गाणें म्हणतो. लहानगा क्रिस्तॉफ थक्क होतो आणि त्याला एकामागून एक प्रश्न विचारतो: हें काय गायलास, तूं रचलेंस का, कोणीं रचलें? प्रश्न चिमुकले, उत्तरेंहि चिमुकलीं. शब्द असे कीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बहुतेक ठाऊक असावेत. पुढें आजोबांनीं डोक्यावर घेतलेला हा मुलगा आपल्या रचना मामाला वाजवून दाखवितो. मामा त्या वाईट आहेत असें शांतपणें सांगतो; कारण त्या सांगण्यासारखें कांहीं होतें म्हणून लिहिलेल्या नाहींत, मोठेपणा मिळावा म्हणून लिहिलेल्या आहेत. मुलाला राग येतो, पण मनांत तें बोलणें रुतून बसतें. परीक्षेपुरती भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाहि तो बोल लागल्याशिवाय राहात नाहीं, आणि कदाचित् शिकविणाऱ्यालाहि.

या कष्टांचें फळ काय, असें कोणी विचारील. कादंबरीचा नायक जर्मन आहे आणि लेखक फ्रेंच. दोन वैरी राष्ट्रांच्या मधोमध उभें राहून तिचीं पानें लिहिलेलीं आहेत. १९१४ सालीं त्या राष्ट्रांत युद्ध पेटलें तेव्हां रोलाँ यांनीं द्वेषाच्या बाजूला जाण्याचें नाकारलें आणि स्वदेशीयांचे शिव्याशाप सोसले. दुसऱ्याचें मन त्याच्या शब्दांत ऐकावयास शिकणें, हें अशा वेळीं उपयोगी पडतें.

१९३१ च्या डिसेंबरांत गोलमेज परिषदेहून परततांना गांधीजी व्हिलनव्हला रोलाँ यांच्या घरीं गेले. रोलाँ यांना इंग्रजी येत नव्हतें, गांधीजींना फ्रेंचांत संभाषण करतां येत नव्हतें. रोलाँ यांच्या भगिनी मॅडलिन यांनीं दोघांचें बोलणें एकमेकांस समजावून दिलें. निघण्यापूर्वीं गांधीजींच्या विनंतीवरून रोलाँ यांनीं पियानोवर बीथोव्हेन वाजविला. मीराबेन त्या वेळीं तेथें होत्या. त्या घरांत दोघांचेहि शब्द दुभाष्यावांचून ज्यांना कळत होते अशा थोड्या माणसांपैकीं त्या एक होत्या. व्याकरणाचें पुस्तक त्यांनाहि उघडावें लागलें असेल. पण तें त्यांनीं उघडलें तें पुढचें दुसरें पुस्तक वाचावयाचें होतें म्हणून. फ्रेंचच्या पहिल्या तासाला शिक्षकानें तें दुसरें पुस्तक टेबलावर आणून ठेवावें, आणि त्यांतलें एक पान मुलांना मोठ्यानें वाचून दाखवावें. अर्थ उद्यां सांगितला तरी चालेल.