पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही

गाडीची बॅटरी उतरली की पूर्वी चार माणसं गोळा करून धक्का मारावा लागे. आता पुष्कळांच्या डिकीत जम्प स्टार्टरची पेटी असते. तिचे तांबडे-काळे चिमटे लावले की इंजिन सुरू. पण ही पेटी म्हणजेही एक बॅटरीच. तिलाही चार्ज करावं लागतं, आणि नेमका तिचा चार्जर हरवतो. पेटी अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली असेल तर तो जळतोही. ज्या चार्जरवर ‘इनपुट १२० व्होल्ट’ एवढंच छापलेलं आहे, तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये कसा टिकणार?

मग घरातला खण उघडला जातो. राउटरचा, लॅपटॉपचा, जुन्या खेळण्याचा असे पाच-दहा अडाप्टर निघतात. त्यातल्या एकाची पिन पेटीत अगदी छान बसते, आणि आपण खूश होतो. आम्ही कविता लिहिणारे लोक जाणतो, की यमक जुळलं म्हणजे अर्थ जुळतोच असं नाही. इथंही तसंच आहे. पिनेचा आकार काहीच सांगत नाही. सांगतं ते पेटीवरचं लेबल.

पण आधी पोटात काय आहे ते ओळखा. पेटी चांगली सात-आठ किलोंची, उचलताना हात ओढणारी असेल, तर आत शिशाची सीलबंद बॅटरी आहे. पुस्तकाएवढी, हलकी असेल तर लिथियम. दोघींची प्रकृती वेगळी, म्हणून पथ्यही वेगळं.

शिशाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली, की स्वस्थ असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. टाकीत पाणी चढवायचं तर दाब टाकीच्या पातळीपेक्षा जास्त हवा. म्हणून तिला भरायला १४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. राउटरच्या नेमक्या १२ व्होल्टच्या अडाप्टरनं ती कधीच पुरती भरत नाही. उलट लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडाप्टर थेट तिच्यावर पडला, तर ती तापते, फुगते आणि हायड्रोजन वायू सोडू लागते. बंद कपाटात हा वायू साठला, की एक ठिणगी पुरते.

तेव्हा लेबलवर चार गोष्टी पाहा. व्होल्ट तोच हवा. करंटचा प्रकार तोच हवा: सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी, नागमोडी रेघ म्हणजे एसी. पिनेच्या मधल्या टोकाला प्लस आहे की मायनस, हे ठिपका आणि अर्धगोलाच्या चित्रात दाखवलेलं असतं. तेही जुळलं पाहिजे. चौथा अँपिअर. तो कमी असेल तर अडाप्टर तापतो. शिशाच्या पेटीला मात्र फार जास्तही नको, लिहिलाय त्याच्या जवळपास असू द्या. लेबल पुसलं असेल तर अंदाज करू नका. गाड्यांची वायरिंग करणाऱ्याकडे मल्टिमीटर असतो, पेटी त्याच्याकडे न्या.

शिशाच्या पेटीला आणखी एक वाट आहे. जुन्या, साध्या पेट्यांत चिमटे स्विचमधून थेट आतल्या बॅटरीला जोडलेले असतात. अशा पेटीला मोटारसायकलच्या बॅटरीचा छोटा, आपोआप थांबणारा चार्जर चालतो. तांबड्याला तांबडा, काळ्याला काळा. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा ठेवावा. १८ अँपिअर-तासांची बॅटरी दीड अँपिअरवर भरायला बारा ते पंधरा तास लागतात. घाई करू नये. पेटी गादीवर नव्हे, फरशीवर ठेवावी, खिडकी उघडी असावी.

लिथियमच्या पेटीला हा उपाय चुकूनही करू नका. तिचे चिमटे करंट देण्यासाठी आहेत, घेण्यासाठी नाहीत. आतल्या तीन सेल ओळीनं जोडलेल्या असतील तर त्यांची मर्यादा साधारण १२.६ व्होल्ट असते, आणि ती सांभाळणारं सर्किट चार्जिंगच्या सॉकेटमागे बसलेलं असतं. चिमट्यांतून करंट घातला तर ते सर्किट टाळलं जातं, मग आग लागू शकते. सुदैवानं नव्या पुष्कळ पेट्यांना मोबाइलसारखंच यूएसबीचं सॉकेट असतं. तिथं चांगला मोबाइल चार्जर चालतो, वेळ थोडा जास्त लागेल इतकंच. पेटी फुगलेली दिसली, तर मात्र कोणताही चार्जर लावू नका.

महिनोन् महिने उतरून पडलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. मग मूळ चार्जर सापडला तरी ती उठेलच असं नाही. अशी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, बॅटरीच्या दुकानात परत द्या. शिसं विषारी असतं, पण त्याचा पुन्हा उपयोग होतो. बाकीची पेटी शाबूत असेल, तर त्याच मापाची नवी बॅटरी बसवून घेता येते.

पेटी वापरली की त्याच दिवशी चार्ज करा, न वापरली तरी दोन-तीन महिन्यांनी करा. आणि योग्य चार्जर मिळाला, की चिकटपट्टीवर ‘जम्प स्टार्टर’ असं लिहून ती त्याला लावा. पेटीची गरज पडते ती रात्री, घाटात, घरची माणसं गाडीत बसलेली असताना. तिथं खण उघडून चार्जर शोधता येत नाही.