अक्षरांचे ऋण

(बार्शीटाकळी येथे शाळा व ग्रंथालयांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या गावच्या प्राचीन मंदिरात बाराव्या शतकातील शिलालेख आहे. पाषाणावर कोरलेले ते अक्षर आठ शतके टिकले. उलट, पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही संगणकावर जुळविलेली एक स्मरणिका परवा उघडली, तो पडद्यावर रोमन चिन्हांचा नुसता चिखल! मजकूर एका विशिष्ट फॉन्टमध्ये अडकला होता. फॉन्ट गेला, त्याबरोबर मजकूरही गेला. आमच्या दिवंगत ज्येष्ठांच्या आठवणी त्यात होत्या. म्हणून पहिला नियम असा, की मजकूर युनिकोडमध्येच असावा.

दुसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. अक्षर आयते मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींनी ‘निर्णयसागर’च्या सुबक खिळ्यांसाठी आयुष्य वेचले. आपल्या काळात र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ फॉन्ट घडविला. तो विंडोज २००० सोबत घरोघरी पोहोचला. परंतु संगणकात आहे म्हणून तो स्वतःच्या सर्व्हरवर चढविण्याची मुभा मिळत नाही. छापील अंकात वाचकाच्या हाती कागद जातो. संकेतस्थळावर मात्र फॉन्टची प्रतच त्याच्या यंत्रावर उतरते. त्यामुळे छपाईसाठी घेतलेला परवाना संकेतस्थळाला पुरेलच असे नाही. कित्येक विक्रेते त्यासाठी वेगळा परवाना देतात आणि पृष्ठे किती वेळा पाहिली गेली यावर शुल्क आकारतात. मित्राकडून ‘कॉपी’ करून आणलेला फॉन्ट वापरणे ही चोरीच होय. देवपूजेला चोरीची फुले चालत नाहीत, मग ज्ञानपूजेला कशी चालावीत?

पैसे नाहीत, ही सबब आता उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मुक्त’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ हे फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली विनामूल्य मिळतात. संकेतस्थळावर ठेवा, वाटा, हवे तर सुधारा. मुख्य अटी अशा, की फॉन्ट सुटा विकायचा नाही, परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा आणि सुधारलेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यायची.

निवड कशी करावी? दोनच शब्द टंकित करून पाहा : ‘बार्शीटाकळी’ आणि ‘वऱ्हाड’. पहिल्यात रफार, श आणि ळ यांची कसोटी लागते. दुसऱ्यात मराठीच्या खास अर्ध्या ऱ ची. ऱ मोडला, तर तो फॉन्ट मराठीला उपयोगाचा नाही. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातील पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतात का, हेही तपासा. मग तेच पान साध्या मोबाईलवर उघडा आणि घरातील आजोबांना वाचावयास द्या. त्यांना चष्मा पुसावा लागला, तर अक्षर मोठे करा.

मित्रहो, आज घरी गेल्यावर एकच काम करा. आपल्या संकेतस्थळावरील फॉन्टचा परवाना शोधा. सापडला नाही, तर फॉन्ट आजच बदला. ज्यांनी अक्षर घडविले, त्यांचे ऋण फेडण्याची सुरुवात तेथूनच होईल.